एक शब्द पुढे

"आप्पा, थांबा. इथं टिंबं किती आहेत?"

"तीन."

"तुम्ही किती थांबलात?"

"दोन असतील."

"मग एक टिंब कुठं गेलं?"

आप्पा मगदुमांनी बसल्या जागी वाकून टेबलाखाली बघितलं. "हितं तर न्हाई पडलं," म्हणाले. रोहिणीताई खोत फिस्सकन हसल्या. मी हसलो नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि इचलकरंजीत एका छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका जुळवायचो. रविवारी सकाळी रोहिणीताईंच्या बालवाडीत आमच्या 'खसखस कलामंच'ची तालीम असे. मंच म्हणजे तिघंच. रोहिणीताई आणि आप्पा काम करणार, मी प्रहसनं लिहिणार. आप्पा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, उंची सहा फूट. बालवाडीच्या खुर्चीत बसले की त्यांचे गुडघे कानांना लागत, आणि कुठलाही संवाद ते दोन गुडघ्यांच्या मधून बोलत.

माझ्या लिखाणाची खासियत म्हणजे चिन्हं. स्वल्पविराम म्हणजे टेबलावर एक टिचकी. पूर्णविराम दोन. तीन टिंबं म्हणजे तीन. आडवी रेघ म्हणजे श्वाससुद्धा घ्यायचा नाही, समोरच्याच्या वाक्यावर जाऊन धडकायचं. उद्गारचिन्ह मी वापरत नसे. एकदाच वापरलं होतं, एका पत्रिकेत, 'चि. सौरभ' ह्या नवरदेवाच्या नावापुढं, चुकून. तर मुलीकडचे चौघे छापखान्यात येऊन हळू आवाजात विचारून गेले, मुलात काही आहे का म्हणून.

पहिल्या वाचनाला मी टिचक्या मारायचो आणि ते दोघं त्याबरहुकूम थांबायचे. तीन वर्षांत त्यांना अशी सवय लागली होती की माझा कागद हातात आला की अर्थ नंतर कळे, थांबे आधी कळत. आप्पा माझ्या चिन्हांना मुंग्या म्हणत. "गोड हाय म्हणून लागल्यात," असंही म्हणत. ते मी कौतुक धरून चाललो होतो. गणपतीत लोक हसायचे ते माझ्या टिंबांना हसतात, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या रविवारी भारत हावळ पडदा घेऊन आला. भारत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमचा पडदा शिवायचा, बल्ब लावायचा, आणि प्रयोगाच्या वेळी मागं उभा राहून सगळ्यात मोठ्यानं हसायचा. मला तो फार आवडायचा. ही गोष्ट सकाळी साडेदहाच्या आधीची.

"शीतलदा," तो म्हणाला, "एक लिवलंय. बघता काय?"

माझं नाव शीतल उपाध्ये. आमच्याकडं मुलग्यांचं असतं. मुंबईहून येणारी पत्रं मात्र कुमारीला येतात.

"बघू की," मी म्हटलं. अशा वेळी मी फार मोठ्या मनाचा होत असे.

त्यानं खिशातून कागद काढले. पाळीच्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठी. सहा पानं, तेलाचे डाग, आणि एक चिन्ह नाही. स्वल्पविराम नाही, टिंब नाही, प्रश्नचिन्ह नाही. वाक्य संपलं हे कळायला कागदाची कड लागत होती.

"अरे, ह्यात थांबायचं कुठं?"

"त्ये लिवायला लागतंय व्हय?" भारतला खरंच नवल वाटलं. "शेडात एवढा खडखडाट असतोय. समोरच्याचं तोंड मिटलं की आपलं बोलायचं."

रोहिणीताईंनी माझ्या हातातून कागद घेतले. "बघू तर."

प्रहसनाचं नाव 'बेपत्ता'. एक बाई पोलीस ठाण्यात नवरा हरवल्याची तक्रार द्यायला येते. टेबलामागं बसलेला हवालदार हाच तिचा नवरा. चार दिवस बंदोबस्ताला असल्यामुळं घरी गेलेला नाही. आता ड्यूटीवर असल्यामुळं त्याला ओळख दाखवता येत नाही, तक्रार लिहून घ्यावी लागते. स्वतःचीच.

रोहिणीताई बाई झाल्या, आप्पा हवालदार. दोघंही कागदात नाक खुपसून, कुठं थांबायचं ठाऊक नाही म्हणून एकमेकांच्या तोंडाकडं बघत वाचायला लागले.

"नाव काय त्यांचं," आप्पांनी विचारलं.

रोहिणीताई लाजल्या. "घेत न्हाई आमी."

"उंची."

"होती."

"होती म्हंजे."

"लग्नात होती. आता वाकल्यात."

आप्पा नकळत ताठ झाले. गुडघे खाली गेले. भारत मागं उभा राहून ओठ हलवत होता.

"रंग."

"गव्हाळ म्हणून सांगितलावता."

"शेवटचं कधी बघितलं त्यांना."

रोहिणीताईंनी मान वर केली. आप्पांकडं बघितलं. त्या बघत राहिल्या. बालवाडीच्या भिंतीवरचा कागदी सूर्यसुद्धा वाट बघत असावा.

"नीट?" त्यांनी विचारलं.

"हां, नीट."

"लग्नात."

आप्पांच्या हातातला कागद गळून पडला. ते हसत होते, रोहिणीताई हसत होत्या, भारत स्वतःच्याच वाक्याला भिंतीला धरून हसत होता. माझी तर्जनी टेबलावर टिचकी मारायला उचललेली होती. ती तशीच राहिली. तिला मारायला काही मिळालं नव्हतं.

"कसं हाय, दादा?" भारतनं विचारलं.

"चिन्हं नाहीत," मी म्हणालो.

मला तोवर मत्सर कधी झाला नव्हता, त्यामुळं झाला तेव्हा ओळखता आला नाही. छातीच्या मधोमध काहीतरी जळत होतं. मी आठवडाभर ओवा चावला. पुढच्या रविवारी भारत आला आणि पुन्हा जळलं, तेव्हा कळलं की पोटाचं काही नाही.

आणि नेमकं तेव्हाच चॅनेलचं आलं. मुंबईची एक वाहिनी विनोदी प्रहसनांचा कार्यक्रम काढणार होती. गावोगावच्या मंडळांनी एकेक प्रहसन टाइप करून, तीन प्रतींत आधी पाठवायचं. मग कोल्हापुरात चाचणी. आणि निवड झाली तर लेखकाला मुंबईत बोलावणार. मंडळाला नाही, लेखकाला. पडद्यावर नाव येणार. जाहिरात आली त्या दिवशी मी नवी बॅग विकत घेऊन आलो. मंडळात लेखक एकच होता, असा माझा हिशोब. तो जुना निघाला.

"शीतलचं 'बारसं' का भारतचं 'बेपत्ता'?" रोहिणीताईंनी विचारलं. भारत तेव्हा पाळीवर होता.

"तुम्हीच ठरवा," मी म्हटलं. "काम तुम्हाला करायचंय." हे वाक्य बोलताना मी उदार दिसत होतो. आरशात करून बघितलं होतं.

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कंडक्टर लोक खांद्यावर हात ठेवतात तेव्हा बहुतेक मागं सरका म्हणायचं असतं.

"'बारसं' चांगलंच हाय लेका," ते म्हणाले. "पण त्यात मला थांबे पाठ करायला लागत्यात. ह्यात मी आपोआप थांबतोय."

"'बेपत्ता' पाठवू या," रोहिणीताई म्हणाल्या. "तूच टाइप कर. आणि चिन्हंही घाल बाबा, चॅनेलवाले शिकलेले असतात. तुझ्यासारखी कुणाला येणार?"

"योग्य निर्णय," मी म्हणालो.

मंगळवारी भारत कागद घेऊन छापखान्यात आला. पाळी सुटल्या सुटल्या, केसांत कापसाची फुलं. "दादा, तुमी चिन्हं घातली की लगीन झाल्यागत दिसंल," म्हणाला. "मला काय ते जमत न्हाई. तुमी घालाल ती खरी."

वीज तीन वाजता यायची होती. आली. मी बसलो.

पहिलं पान प्रामाणिकपणे टाइप केलं. दुसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत प्रामाणिक होतो. त्यानंतर नव्हतो.

शब्द एकही बदलला नाही. दुसऱ्याचे शब्द बदलणं वाईट, हे संस्कार होते. फक्त प्रत्येक थांबा एक शब्द पुढं सरकवला. विनोदाचा शब्द येतो त्याच्या आधी जरा थांबावं लागतं, म्हणजे लोक मान पुढं करतात. मी तो थांबा उचलून त्या शब्दाच्या नंतर ठेवला. त्यामुळं शब्द येतो तेव्हा कुणी तयार नसतं, आणि सगळे तयार होतात तेव्हा तो निघून गेलेला असतो. 'शेवटचं कधी बघितलं त्यांना' आणि 'नीट' ह्यांच्यामध्ये आडवी रेघ मारली. वर बघायचं नाही, धडकायचं. मग परत पहिल्या पानावर गेलो आणि तेही बिघडवलं. एकही जागा सोडली नाही. दुसऱ्याचं काम होतं, पण मी ते माझं समजून केलं.

तीन प्रती काढल्या, लिफाफ्यात घातल्या, पोस्टात टाकल्या. पावती घेतली. 'लेखक : भारत हावळ' हे ठळक टाइपात घेतलं होतं. त्यात मी काही कसूर ठेवली नाही.

कोल्हापूरच्या आदल्या रविवारी तालीम होती. भारत पहिल्या पाळीला अडकला होता. मी दोघांना टाइप केलेल्या प्रती दिल्या. माझे कागद हातात येताच दोघं सरळ बसले, जुन्या सवयीनं, आणि सुरू झाले. मी टिचक्या मारल्या.

कुणी हसलं नाही.

म्हणजे तिथं हसायला कुणी नव्हतंच, पण ते दोघंही हसले नाहीत. 'नीट' येऊन गेलं. 'लग्नात' येऊन गेलं. रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना ओलांडून जातात तसे संवाद जात होते.

"परत घेऊ," रोहिणीताई म्हणाल्या.

परत घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. आप्पांच्या कपाळावर घाम आला. चौथ्यांदा सुरू करायच्या आधी त्यांनी कागद गुडघ्यांवर ठेवला.

"माझं चुकतंय," ते म्हणाले. "त्या दिवशी येत हुतं. आज शब्द येतोय, पण मागनं काय येत न्हाई. वय झालं ओ, रोहिणीबाई. दुसऱ्या कुणाला तरी घ्या. पोराचं वाटोळं व्हायला नको माझ्यापायी."

मी तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं. मी ओव्याची डबी काढली.

 रोहिणीताई कागदाकडं बघत होत्या. बालवाडीच्या बाईंना चाळीस पोरांपैकी कुणी खडू खाल्लाय ते न विचारता कळतं. त्यांनी पहिलं पान बोट फिरवत वाचलं, दुसरं वाचलं, आणि माझ्याकडं वळल्या.

"शीतल, तू तीन वर्षं आम्हाला चिन्हं घालून देतोयस."

"हो."

"तीनशे-चारशे पानं झाली असतील. त्यात कधी एखादं चिन्ह चुकून पडलंय?"

"माझं?" मला खरोखरच अपमान वाटला. "एकसुद्धा नाही."

"चुकून एखादं टिंब इकडचं तिकडं?"

"शक्यच नाही, ताई. माझ्याकडनं चिन्ह चुकत नाही."

"तेच म्हटलं," रोहिणीताई म्हणाल्या, आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

मला वाटतं, आरोपीनं स्वतःच्या विरुद्ध इतक्या अभिमानानं साक्ष दिल्याचं उदाहरण दुसरं नसेल.

आप्पांना जरा वेळ लागला. त्यांनी चष्मा लावला. 'नीट'वर बोट ठेवलं, मग त्याच्यापुढच्या टिंबांवर. मग वर खाली आणखी चार ठिकाणी.

"ह्यानं स्टॉप पुढं नेल्यात," ते हळूच म्हणाले. "पाशिंजर उभं हितं, आन गाडी थांबतीय म्होरल्या वळणाला." त्यांनी चष्मा काढला. "आन मी हितं वय झालं म्हणून बसलोय. का रं असं केलंस?"

मला उत्तर येत होतं. मी कागद एकावर एक नीट लावत बसलो.

"चॅनेलकडं हेच गेलंय?" रोहिणीताईंनी विचारलं.

"तीन प्रती."

"मग जाऊ दे. कागद काही का असेना, आम्ही आमचं करू. भारतच्या हस्तलिखितावर. ते आहे का फाडलंस?"

"आहे," मी म्हटलं. फाडलं नव्हतं. का, ते विचारायला नको.

"भारतला आम्ही काही सांगणार नाही."

मला बरं वाटलं. फार थोडा वेळ.

"तू सांगायचंस. कोल्हापूरहून परत यायच्या आत. नाही सांगितलंस तर ह्या बालवाडीची पायरी चढायची नाही. पोरांना काय शिकवते मी इथं? दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, एवढं एकच शिकवते."

चाचणी एका मंगल कार्यालयात होती. खालच्या हॉलमध्ये खरंच लग्न होतं, वर आम्ही. परीक्षकांना खुर्च्या कमी पडल्या म्हणून वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या वर आणल्या होत्या. मधल्या खुर्चीत चॅनेलच्या ताम्हाणे मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कापलेले केस, हातात पेन्सिल, मांडीवर आमची टाइप केलेली प्रत. दोन्ही बाजूंना दोन तरुण सहायक. आमच्या मागच्या भिंतीवर थर्माकोलात 'शुभविवाह' आणि त्याखाली, आमच्या चौघांच्या बरोबर डोक्यावर, 'शीतल' हे नाव. खालच्या नवरीचं होतं, संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठी आधीच लावलेलं.

आमच्या आधीची चार मंडळं पडली. मग आप्पा टेबलामागं बसले, रोहिणीताई पदर सावरत आल्या, आणि कागदावर नव्हतं तसं सगळं सुरू झालं.

"उंची."

रोहिणीताईंनी आप्पांना खालून वर बघून घेतलं. "होती."

डावीकडचा सहायक फुटला. 'गव्हाळ'ला उजवीकडचा. 'नीट'च्या आधी रोहिणीताई इतक्या थांबल्या की खालची सनई ऐकू आली. आणि 'लग्नात' म्हटल्यावर असा हशा उसळला की खालचा आचारी झारा घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत गेला नाही. त्या लग्नात जिलब्या करपल्या असणार. भारत माझ्या शेजारी उभा होता. प्रत्येक हशाला माझा दंड दाबत होता. मला प्रत्येक हशा दंडात दोनदा लागत होता.

ताम्हाणे मॅडम एकदाही हसल्या नाहीत. त्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "लेखक?"

भारत पुढं गेला. मला ओढून घेऊन गेला.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण हे बघा. कागदावर एक आहे आणि ह्या दोघांनी केलं ते वेगळंच. ही चिन्हं तुमची?"

"न्हाई ओ मॅडम," भारतनं छाती पुढं काढून सांगितलं. "ती ह्या शीतलदांची. मला येत न्हाईत."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग वर थर्माकोलकडं, मग परत माझ्याकडं.

"काय करता?"

"लग्नपत्रिका."

"ह्या प्रहसनात हशाच्या सत्तावीस जागा आहेत," त्या म्हणाल्या. "मी मोजल्यात. ह्या कागदावर सत्तावीसच्या सत्तावीस जागा एकेका शब्दानं हुकवल्यात. एकही सुटलेली नाही. माझ्याकडं मुंबईत पाच माणसं आहेत. गलेलठ्ठ पगार घेतात. त्यांना सत्तावीसातल्या पंधरा सापडल्या तर आम्ही पेढे वाटतो. हे चुकून झालं असेल, तर जगातला सगळ्यात मोठा योगायोग आहे आणि मला तुमच्याशी काही बोलायचं नाही. मुद्दाम केलं असेल, तर मला बोलायचंय." त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली. "चुकून की मुद्दाम?"

रोहिणीताई आणि आप्पा मागं येऊन उभे राहिले होते. भारत माझ्याकडं बघून हसत होता. त्याला वाटत होतं, माझं कौतुक चाललंय. ते चाललंही होतं.

चुकून म्हणालो असतो तर भारत तसाच हसत राहिला असता. मी लग्नपत्रिकांकडं परत गेलो असतो आणि आम्ही जन्मभर दोस्त राहिलो असतो. एक शब्द होता फक्त. पण तो खोटा होता, आणि मुख्य म्हणजे त्यात माझं नाव खराब होत होतं.

"मुद्दाम," मी म्हणालो.

भारतचं हसणं एकदम गेलं नाही. जरा वेळ चेहऱ्यावर राहिलं, आतला माणूस निघून गेल्यावर.

"सगळंच?" त्यानं विचारलं.

"सगळंच."

ताम्हाणे मॅडमनी दोघांचेही पत्ते लिहून घेतले. त्याच्या नावापुढं 'लेखक' लिहिलं. माझ्या नावापुढं काय लिहावं त्यांना सुचलं नाही. तिथं त्यांनी रेघ ओढली.

परतीच्या एसटीत भारत पुढं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. रोहिणीताईंनी मला त्यांच्याशेजारी जागा दिली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. आप्पा एवढंच म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. सांगायची तऱ्हा वंगाळ हुती." हातकणंगल्याला गर्दी उतरली तेव्हा भारत उठला आणि दांड्या धरत मागं आला. माझ्यासमोर उभा राहिला. हातात ती तेलाच्या डागांची सहा पानं होती.

"त्या बाई सत्तावीस म्हणाल्या."

"हो."

"मला एकवीसच म्हाईत हुत्या." त्यानं कागद माझ्या मांडीवर आपटले. "बाकीच्या सहा दावा. मग तुमच्याशी बोलायचं का न्हाई ते मी ठरवतो."

मी पेन काढलं. पाच दाखवल्या. पहिल्या दोन दाखवल्या तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. तिसरी दाखवली तेव्हा "आयला," म्हणाला. चौथीला खाली बसला. पाचवीला तो स्वतःच हसला, मग आठवलं म्हणून थांबला.

"आन सहावी?"

मी कागद उलटसुलट केले. "पाचच दिसतात," म्हणालो. "मॅडमचं मोजताना एकानं चुकलं असेल."

त्याला पंधरा वर्षं झाली. भारत मुंबईत त्या चॅनेलसाठी लिहितो, मी इचलकरंजीत बसून त्याला चिन्हं घालतो. माझ्याशी बोलायचं ठरवायला त्यानं आठ महिने घेतले. मधल्या काळात त्याच्या चिन्हविरहित कागदांची पाकिटं यायची, आत चिठ्ठी नसायची. त्याचं नाव पडद्यावर सुरुवातीला एकटं येतं. माझं शेवटी, वाहनव्यवस्था आणि चहापाणी ह्यांच्यामध्ये. चिन्हं घालणाऱ्याला काय म्हणायचं ते चॅनेललाही अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून 'विशेष आभार' म्हणतात. आप्पा होते तोवर टीव्हीला नाक लावून ते शोधायचे.

छातीत अजून जळतं. दर आठवड्याला, पाकीट फोडलं की.

सहावी जागा दुसऱ्या पानावर होती. 'लग्नात'चा मोठा हशा चालू असतानाच येऊन जाते, म्हणून कोल्हापुरात कुणाला ऐकूच आली नाही. हवालदार विचारतो, पाणी घेणार काय. बाई म्हणते, कुणाचं हाय. तो म्हणतो, सरकारी. ती म्हणते, मग अर्धाच पेला.

त्या मंगळवारी दुपारी मी तिथपर्यंत सगळं नीटच टाइप करत आलो होतो. खरंच. सुंदर चिन्हं घातली होती, स्वतःच्या लिखाणाला घातली नव्हती इतकी. मग हा अर्धा पेला आला आणि मी हसलो. छापखान्यात एकटा, एवढ्या मोठ्यानं, की शेजारचा शिंपी कात्री घेऊन बघायला आला. मी त्याला काही नाही म्हणून सांगितलं. त्याच्या पाठीमागं दार लावून घेतलं, खुर्चीत बसलो, आणि पहिलं टिंब तिथं हलवलं.

मागच्या आठवड्यात फोन झाला. कामाचं बोलून झाल्यावर भारत म्हणाला, "दादा, त्या बाईंचं मोजायचं चुकायचं न्हाई ओ. ती सहावी कुठली हुती?"

"नव्हतीच रे," मी म्हटलं.